पुढच्या टेबलावरच्या बाई

त्या काळी आमच्या जालन्यात बाईमाणूस एकटी हॉटेलात जात नसे. कधी गेलीच, तर पडद्याआडच्या फॅमिली रूममध्ये तोंड लपवून चहा पिऊन येई. आमच्या ड्रॉइंगच्या बाई मात्र शाळा सुटली की सरळ हमीदभाईंच्या हॉटेलात जात आणि रस्त्याकडच्या पहिल्या टेबलावर बसत. समोर चहाचा कप, उजव्या हातात शाईचं पेन आणि डाव्या हाताखाली हात पुसायचा कागदी नॅपकिन. त्या नॅपकिनवर त्या रस्त्यापलीकडची जुनी दगडी वेस काढत. येणारे-जाणारे वळून बघत. बाई वेशीकडे बघत.

पहिल्या दिवसाची गोष्ट हमीदभाई गल्ल्यावर बसून कितीदा तरी रंगवून सांगत. वेटर अदबीनं म्हणाला, "म्याडम, आत फॅमिली रूम हाय. पंखा बी हाय."

"असंल. आतून वेस दिसती का?"

"न्हाई म्याडम."

"मंग चहा इथंच आण. जल्दी न्हाई, सावकाश आण."

वेटरनं मालकाकडे पाहिलं. हमीदभाईंनी फक्त कप पुसून पुढे केला. जालन्यात असं काही घडलं की लोक सभा घेतात, निवेदनं देतात. बाईंनी एका वाक्यात काम उरकलं होतं.

नॅपकिन ही हमीदभाईंची हौस होती. टेबलांना नवं सनमायका लावल्यावर त्यांनी स्टीलच्या पेल्यांत पांढरेशुभ्र नॅपकिन त्रिकोणी घड्या घालून उभे केले. पण आमच्या माणसांना ते वापरवेनात. एवढ्या पांढऱ्या कागदाला भज्यांचे हात कसे पुसायचे? लोक हात धोतराला पुसत आणि नॅपकिन नीट घडी करून लेकरांसाठी खिशात घालून नेत. हमीदभाई कपाळाला हात लावत. "अख्ख्या जालन्यात माझा नॅपकिन कुणी बराबर वापरत न्हाई," ते म्हणत. "निम्मे घरी नेतेत, अन् ही बाई त्याच्यावर इमारती बांधती!"

नॅपकिनवर चित्र काढणं सोपं नसतं. तो शाई पितो. पेन क्षणभर एका जागी टेकलं तरी शाई फुटून डाग पसरतो, आणि खोडायला जावं तर कागदच फाटतो. म्हणून बाई आधी नुसत्या बघत बसत. चहा तसाच. "चहावर साय धरली की समजायचं, आपलं बघून झालं," असं त्यांचं माप होतं. मग गार चहा एका घोटात संपवायचा आणि पेन उचलायचं. एकदा रेघ सुरू झाली की हात थांबत नसे. कमान, तिच्यावरची दगडी फुलं, फटीतून उगवलेला पिंपळ, खाली बसलेला माणूस, सगळं एका दमात. इतक्या वर्षांत बाईंच्या नॅपकिनवर मी डाग पाहिला नव्हता. एक सोडून. त्याकडे पुढे येतेच.

मी एकदा विचारलं, "बाई, शाळेत एवढा चांगला ड्रॉइंग पेपर असतो. यावर का?"

"चांगल्या कागदापुढं माणूस सावरून बसतं," त्या म्हणाल्या. "फोटो काढाया बसल्यावानी. मला तसं सावरून काढायचं न्हाई."

बाई मूळच्या भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या. घरी चांगली जमीन, भाऊ शेती बघत. लग्न केलं नाही, का केलं नाही ते कुणाला सांगितलं नाही, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तीस वर्षं शहरात काढली, पण बोलणं गावचंच राहिलं. शाळेतल्या इतर बाई "करते आहे" म्हणत, आमच्या बाई "करून राह्यले" म्हणत, आणि कुणी हसलं तर त्याच्याकडे चहावर साय धरेपर्यंत बघत.

माझी आणि त्यांची ओळख पाचवीच्या वर्गात झाली. विषय होता 'माझे घर'. साऱ्या वर्गानं तेच चित्र काढलं: मागे दोन डोंगर, मध्ये सूर्य, उतरत्या लाल छपराचं घर, शेजारी नारळाची दोन झाडं. बाईंनी वह्या गोळा केल्या, चाळल्या आणि टेबलावर ठेवून दिल्या.

"जालन्यात नारळाचं झाड कुणी कुणी बघितलंय? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"तुमच्या घराला माळवद हाय. सपाट. मातीचं. उन्हाळ्यात तुमी त्याच्यावर झोपता. मंग हे लाल टोपडं कुणाच्या घरचं चोरून आणलं वं?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच विषय. या वेळी मी आमचं घर काढलं: पत्र्याचं, आणि वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून वर ठेवलेले दगड. मागच्या बाकावरच्या मुली खुसुखुसु हसल्या. बाईंनी माझी वही उंच धरली. "हे बघा. हिनं दगड ठेवताना आधी वारा कुठून येतो ते बघितलंय." त्यानंतर त्या वर्गात कुणाचंही घर हसण्याचा विषय झालं नाही. मी त्या दिवशी वही छातीशी धरून घरी गेले.

आमच्या घरात कागदाची कमी नव्हती. माझे वडील, म्हणजे दादा, धान्याच्या मोंढ्याजवळ पायानं चालवायचं छापयंत्र चालवत. दिवसा लग्नपत्रिका, संध्याकाळी चळवळीची पत्रकं. खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे, त्यांच्यावर आम्ही भावंडं. इतर लेकरं 'कमळ', 'बदक' वाचून अक्षरं शिकली, मी 'जाहीर निषेध' वाचून शिकले. त्यामुळे वाद घालायला मला फार मोठं व्हावं लागलं नाही. आठवीत असताना मी हमीदभाईंच्या हॉटेलात बाईंच्या समोर जाऊन बसले आणि विचारलं, "बाई, तुम्ही ही वेस सारखी का काढता? या वेशीच्या आत आमच्या आज्याला लांब सावली पडण्याच्या भीतीनं सकाळ-संध्याकाळ येऊ देत नव्हते. असल्या दगडांचं कौतुक कशाला?"

हमीदभाईंचा गल्ल्यावरचा हात थांबला. बाईंचा नाही. त्यांनी रेघ पुरी केली, टोपण लावलं आणि म्हणाल्या, "म्हणून तर काढून राह्यले. ज्यानं आत घेतलं न्हाई, त्याचं तोंड आपल्याला पाठ पायजे." मग नॅपकिन माझ्याकडे फिरवून म्हणाल्या, "खाली काय लिव्हलंय ते वाच."

नॅपकिनच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत होतं: 'वेस. सावली: सकाळी चपला शिवणाऱ्याला, दुपारी हातगाड्यांना.'

ही बाईंची रीत होती. कुठलीही वास्तू काढली की खाली ती कुणी बांधली, कुणाच्या मालकीची, हे त्या लिहीत नसत. तिची सावली कुणाला मिळते ते लिहीत. त्यासाठी सावलीत बसलेल्या माणसाशी बोलत, आणि चित्र झालं की त्यालाच देऊन टाकत. रविवारी पर्समध्ये हमीदभाईंचे नॅपकिन घालून त्या एसटीनं गावोगाव जात. पिंपळगावच्या देवळाची दीपमाळ: 'सावली: फुलं विकणारीला.' हसनाबादची पायऱ्यांची बारव: 'सावली: भर उन्हात न्हाव्याला.' आष्टीच्या बाजारातली दगडी कमान: 'सावली: बांगडीवाल्याला, चार वाजेपर्यंत.' शाळेत शिकवलेल्या इतिहासात एवढी माणसं मला कुठेच भेटली नव्हती. मी त्यांच्याशी पुढेही वाद घातले, आणि ते घातल्याचा मला आजही अभिमान आहे. पण त्या दिवसानंतर वेशीखालून जाताना मी मान वर करून जाऊ लागले.

पुढे रस्ता रुंद करताना वेशीला लागून असलेली जुनी तटबंदी पाडली गेली. वेस राहिली, भिंत गेली. दगड महिनोन् महिने नाल्याकाठी पडून होते. दादांनी आणि वस्तीतल्या माणसांनी विचारणा करून ते गाड्यांवर घालून आणले आणि आमच्या बुद्धविहाराचा चौथरा त्या दगडांत बांधला. वर साध्या विटांच्या भिंती आणि पत्रा, कारण वर्गणी तेवढीच होती. पण चौथरा असा की हत्ती उभा करावा. दादा पाहुण्यांना आधी मूर्ती दाखवत नसत, चौथरा दाखवत. "ज्या भिंतीबाहेर आमचे आजे उभे राहिले, ती आता आमच्या पायाखाली आहे," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की वस्तीतल्या लेकरांना ते पंचशीलाच्या पाठोपाठ पाठ झालं.

त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला बाई एकट्याच वस्तीत आल्या. मी तेव्हा कॉलेजच्या परीक्षेसाठी बाहेरगावी होते. आल्यावर आत्यानं सांगितलं, "तुझ्या बाई आल्त्या. समोरच्या दगडावर बसून काढीत होत्या. मंग आत येऊन खीर खाऊन गेल्या." चित्र त्यांनी आत्यालाच दिलं होतं. मी ते हातात घेतलं. चौथऱ्याचा एकेक दगड ओळखू येत होता, ज्यांनी भिंत पाहिली होती त्यांना तर नक्कीच. पत्र्याच्या पन्हळी, झेंड्याची काठी, पायरीवर चपलांची रास. खाली लिहिलं होतं: 'विहार. सावली: येईल त्याला.' आणि दाराच्या उंबऱ्यावर, बरोबर मधोमध, करवंदाएवढा काळा डाग.

मी बाईंना गाठून म्हटलं, "बाई, तुमचा हात थांबला!"

"वय झालं," त्या म्हणाल्या आणि विषय बदलला. चाळिशी ओलांडलेल्या, एसटीच्या टपावरून बोचकं उतरवणाऱ्या बाई! मला ते पटलं नाही, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

बाईंनी नोकरी सोडायचं ठरवलं, त्या उन्हाळ्यात गावातल्या एका मंडळानं त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं मनावर घेतलं. मोठा हॉल, बाहेरचे पाहुणे, हारतुरे. बाईंचं आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन. वरवर त्या म्हणाल्या, "काहून उगीच खर्चा?" पण मला दिसत होतं, त्यांनी नवीन साडी घेतली होती, आणि पेनाला नवी निब बसवली होती. अडचण एकच: चित्रं त्यांच्याजवळ नव्हतीच. ती गावोगाव सावलीतल्या माणसांकडे होती.

निरोप गेले. मला वाटलं, कागदी नॅपकिन, कुणी जपला असेल? सगळे आले, आणि माणसांसकट आले. हसनाबादच्या बारवेजवळचा न्हावी म्हणाला, "चित्र देतो, पर मी संगं ऱ्हाणार. ह्याला कुणी फाडलं तर दुसरी बारव कुठून आणू?" पिंपळगावच्या फुलवालीनं दीपमाळ प्लास्टिकमध्ये शिवून ठेवली होती. आष्टीच्या बांगडीवाल्यानं कमान पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली होती, म्हणून तो बांगड्यांची पेटीच डोक्यावर घेऊन आला.

मंडळाचे सेक्रेटरी सभ्य गृहस्थ होते. गावातला एक मोठा वाडा त्यांच्या घराण्याचा. त्यांनी हॉलमध्ये सारी चित्रं एका ओळीत लावून पाहिली आणि विहारापाशी थांबले.

"बाई, बाकी सगळं उत्तम. एवढं एक बाजूला ठेवू या. डाग पडला आहे."

"पडलाय."

"आणि खरं सांगू का, ही काही वास्तू म्हणता येणार नाही. पत्र्याची शेड आहे. पाहुणे विचारतील."

"विचारू द्या. मी सांगन."

"बाई, एका चित्रासाठी..."

"एक न्हाई ते. ओळ हाय." बाईंनी पहिल्या चित्राला लावलेला चिमटा काढला. "ओळीतलं एक काढलं तर ओळ मोडती. मंग सगळीच घेऊन चालले."

आणि खरंच, नव्या साडीतल्या बाई, न्हावी, फुलवाली, डोक्यावर पेटी घेतलेला बांगडीवाला आणि आत्या, अशी ती वरात भर उन्हात हॉलमधून बाहेर पडली.

दादा हादरून गेले. "बाई, आमच्यापायी तुमचं प्रदर्शन बुडालं. विहारात लावा. आत्ता साफ करून घेतो."

"तिथं लावलं तर लोक म्हणतील, त्यांचं म्हणून त्यांनी लावलं. जिथं काढलं तिथं लावू."

म्हणजे हमीदभाईंच्या हॉटेलात.

मी तेवढ्या वेळात पत्रक लिहून मोकळी झाले होते. 'जाहीर निषेध' या मथळ्याच्या अक्षरांचे शिशाचे खिळे दादांच्या छापखान्यात कायम जुळवलेलेच असत. खाली मी मंडळाला, त्याच्या मनोवृत्तीला आणि हजार वर्षांच्या अन्यायाला असं काही धारेवर धरलं होतं की दादांनी पाठ थोपटली. बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला.

"चांगलं हाय. हे वाचून माणूस तापंल," त्या म्हणाल्या. "पर येईल का?"

"म्हणजे?"

"कुठं यायचं ते लिव्हलं न्हाईस. किती वाजता ते न्हाई. चहा मिळंल का ते बी न्हाई."

दादांनी हसत मथळ्यातले 'निषेध'चे खिळे काढले आणि 'आमंत्रण'चे बसवले. माझा मजकूर राहिला, आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरांत जागा, वेळ आणि 'चहा हमीदभाईंकडून'. आजही काही लिहून झालं की मी स्वतःला तोच प्रश्न विचारते. हे वाचून कुणी येईल का?

लोक आले. अहो, आले म्हणजे काय! हॉटेलात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळ्या बांधल्या होत्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी नॅपकिन लावले होते. पंखा सुरू केला की वास्तू उडायला लागत, म्हणून पंखे बंद. वैशाखातलं ऊन, भट्टी पेटलेली, आणि माणसं घाम निथळत, हात पाठीमागे बांधून, एकेक नॅपकिन वाचत होती. मोंढ्यातले हमाल, कोर्टातले कारकून, शाळेच्या मुली. टेबलांवरचे नॅपकिनचे पेले हमीदभाईंनी त्या दिवशी उचलून ठेवले होते आणि ते दर थोड्या वेळानं ओरडत, "भाईसाब, घाम रुमालाला पुसा! बिलकुल वरी हात न्यायचा न्हाई! ती वेस हाय, नॅपकिन न्हाई!"

त्या दिवशी फॅमिली रूमचा पडदा हमीदभाईंनी काढून टाकला. गर्दी मावेना म्हणून. तो पुन्हा लागला नाही.

दादा सकाळपासून विहाराच्या चित्रापाशी पहारेकऱ्यासारखे उभे होते. येणाऱ्याला चौथऱ्याची कथा सांगत आणि दाराशी आले की हळूच म्हणत, "एवढा डाग सोडून बघा."

मागून बाईंचा आवाज आला. "डागासकट बघा."

दुपारी सेक्रेटरी आले. मी पुढे सरसावले होते, बाईंनी माझा दंड धरला. सेक्रेटरींनी ओळ पहिल्यापासून पाहिली, या वेळी खालची अक्षरंही वाचत. स्वतःच्या वाड्याच्या चित्रापाशी थांबले. खाली घराण्याचं नाव नव्हतं. 'सावली: भाजीवाल्या बायांना, सकाळी.' मग म्हणाले, "माझ्या आजीनं त्यांच्यासाठी तिथे बसायला शिळा टाकून घेतली होती. विसरलो होतो मी." नंतर ते विहारापाशी गेले, दादांकडून चौथऱ्याची कथा पूर्ण ऐकली, आणि बंद पंख्याखाली घामाघूम होत चहा पिऊन गेले. माफी त्यांनी मागितली नाही. ओळीत मात्र एकही चिमटा रिकामा नव्हता. बाईंना तेवढंच हवं होतं.

संध्याकाळी ज्याचं चित्र त्याला परत गेलं. बाईंजवळ स्वतःचं असं एकही उरलं नाही. त्या पिंपळगावला निघाल्या तेव्हा हमीदभाईंनी नॅपकिनचं एक नवं कोरं पाकीट त्यांच्या पिशवीत कोंबलं आणि म्हणाले, "आता तरी हात पुसा बाई!"

काही वर्षांनी मी त्यांना भेटायला पिंपळगावला गेले. मी तोवर लिहायला लागले होते, माझं नाव छापून येत होतं. त्यांनी सगळं वाचलं होतं, आणि कुठे वाचणारा तापला असता पण आला नसता, तेही सांगितलं. हाताला कंप आला होता. पाकीट फोडलेलं नव्हतं. माळवदावर बसून आम्ही चहा घेतला. मी वाट बघत राहिले आणि त्यांच्या चहावर साय धरली.

"बघून झालं का बाई?" मी विचारलं.

त्या हसल्या. मग आपणहून म्हणाल्या, "तुला तो डाग इचारायचा राह्यला व्हता ना?"

मी जवळ सरकले.

"मी आजवर जेवढं काढलं, सगळं भाईर बसून काढलं. वाडे, गढ्या, देवळं. आमच्याच रेणुकाईच्या देवळात महिन्यातले चार दिस पायरीखाली उभं ऱ्हायचं. वाड्यांत तर 'कोण पायजे?' असं इचारायचे. मी म्हणायची, कुणी नगं, मी बघून राह्यले. त्या दिशी दार काढीत होते, अन् तुझी आत्या उंबऱ्यात येऊन म्हणली, 'बाई, भाईर काहून बसल्या? आत या की.' कोण म्हणून इचारलं न्हाई. काय पायजे म्हणून इचारलं न्हाई." त्यांनी कप खाली ठेवला. "मी उठायच्या नादात पेन उचलायचं इसरले."

बाई गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. निरोप मला उशिरा मिळाला. दादा मात्र अंत्यविधीला पोचले होते. जाताना त्यांनी आत्यानं विहाराला दिलेलं ते चित्र सोबत नेलं, अंगणात क्षणभर त्यांच्या उशाशी ठेवलं आणि परत आणलं.

आमच्या विहाराला आता स्लॅब पडला आहे. चौथरा तोच. आत भिंतीवर काचेखाली तो नॅपकिन आहे. कागद पिवळा पडलाय, शाई तपकिरी झालीय, डाग मात्र काळाच्या काळा. दादा आता पाहुण्यांना चौथऱ्यानंतर तो डाग दाखवतात, बोट ठेवून. परवा वस्तीतली एक लहान मुलगी काचेला नाक लावून विचारत होती, "दादा, दारात हे काय सांडलंय?"

"सांडलेलं नाही," दादा म्हणाले. "इथून बाई आत आल्या."